स्वामिनिष्ठा हे वतन नव्हे

१/ सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवीविषयी लिहिताना माणसांना दोनच रांगांत उभे केले जाते : राजाचे आणि पार्लमेंटचे. एसेक्सचा अर्ल आर्थर केपेल या रांगांत मावत नाही. म्हणून कुणी त्याला कृतघ्न पुत्र ठरवले, कुणी हुतात्मा. दोन्ही निवाडे चुकीचे आहेत.

२/ त्याचा पिता लॉर्ड केपेल हा राजपक्षाचा सेनानी. १६४८ मध्ये तो कोलचेस्टरच्या वेढ्यात अडकला. पार्लमेंटच्या सैन्याने त्याच्या १६ वर्षांच्या मुलाला घरातून उचलून आणले आणि पित्याने शरण यावे म्हणून त्याला रोज मोर्चांभोवती फिरवले. पिता बधला नाही. ९ मार्च १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

३/ राजसत्ता परतल्यावर, १६६१ मध्ये, दुसऱ्या चार्ल्सने या मुलाला अर्ल केले. पित्याच्या रक्ताचे मोल ज्याच्या पदरात पडले, त्याने त्याच राजाविरुद्ध उभे राहावे काय, हा आक्षेपकांचा सवाल.

४/ हा सवाल मुळात पित्यालाच विसरतो. १६४० मध्ये हर्टफर्डशायरच्या प्रजेची गाऱ्हाणी पार्लमेंटात मांडणारा सभासद हाच केपेल होता. राजाचा मंत्री स्ट्रॅफर्ड याच्या देहदंडाच्या बाजूने त्याने मत दिले होते. राजाला जाब विचारणे या घराण्यात पुत्रापासून सुरू झाले नाही.

५/ पुत्राने तरी काय केले? १६७२ ते १६७७ आयर्लंडचा कारभार पाहताना डब्लिनचे फिनिक्स पार्क राजाच्या प्रेयसीच्या, क्लीव्हलँडच्या डचेसच्या, घशात जाऊ दिले नाही. १६७९ मध्ये खजिन्याचे प्रमुखपद मिळाले. तेही त्याच वर्षी सोडले. पुढे राजाच्या कॅथलिक भावाला वारसाहक्कातून वगळण्याच्या बाजूने तो उघडपणे उभा राहिला. याला कृतघ्नता म्हणायचे, तर कर्तव्य कशाला म्हणायचे?

६/ मात्र त्याला हुतात्मा ठरवणाऱ्यांनीही थांबावे. १६८० मध्ये टायटस ओट्सच्या बनावट ‘कॅथलिक कटा’ने देश पेटला असता, वृद्ध लॉर्ड स्टॅफर्डला दोषी ठरवणाऱ्यांत एसेक्सही होता. पुढच्याच वर्षी आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना मृत्युदंड झाला. ते निर्दोष आहेत हे आयर्लंडच्या अनुभवामुळे एसेक्स जाणून होता. त्याने राजाकडे दयेची याचना केली. पण खटला संपल्यानंतर. वेळीच का बोलला नाहीस, असे राजाने त्याला संतापून सुनावल्याचे सांगितले जाते. १ जुलै १६८१ रोजी प्लंकेट यांचा वध झाला.

७/ खरा वारसा इथे दिसतो. स्ट्रॅफर्डविरुद्ध दिलेल्या मताचा पश्चात्ताप पित्याने वधस्तंभावर बोलून दाखवला होता. पुत्राला ते शब्द ठाऊक नव्हते असे मानणे कठीण. तरीही जमावाच्या लाटेपुढे तो चाळीस वर्षांनी तसाच वाकला.

८/ १६८३ मध्ये ‘राय हाउस’ कटाच्या आरोपावरून त्याला लंडनच्या टॉवरमध्ये डांबले गेले. १३ जुलै रोजी तो गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. त्याच दिवशी त्याचा सहकारी लॉर्ड रसेल न्यायालयात उभा होता, आणि ही बातमी त्याच्याविरुद्ध वापरली गेली. पंचांनी आत्महत्येचा निर्णय दिला. खुनाची कुजबुज मात्र थांबली नाही.

९/ आत्महत्या की खून, या कोड्यात साऱ्या आयुष्याचा हिशेब बुडतो. तो हिशेब असा : राजाला त्याने विरोध केला, हा त्याचा दोष नव्हे. स्वपक्षाच्या असत्याला तो वेळीच विरोध करू शकला नाही, हा आहे.

१०/ स्वामिनिष्ठा हे वतन नव्हे. ती बापाकडून मुलाच्या नावावर चढत नाही. विवेकही चढत नाही. तो प्रत्येकाला स्वतःच कमवावा लागतो, आणि तोही वेळेवर.