एक सही देण्यास आपले काय जाते?

आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्यात एक मीटर कमी भरले तर रात्री शटर ओढून पुन्हा मोजतो. कोणाकडे किती उधारी, कोणत्या नोकराने किती उचल घेतली, सर्व वहीत असते. पण आपल्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईचा हिसाब कोणत्या वहीत आहे?

आपल्या शहरात या बायका बीड, जालना, परभणीच्या कोरडवाहू गावांतून येतात. पाऊस गेला की नवरा बांधकामावर आणि बाई घरकामाला. मुकुंदवाडीत भाड्याची खोली आणि सिडकोत चार घरची कामे. शहरात ओळखीचे कोणी नसते. म्हणून मालकीण देईल तो पगार, आणि नको म्हटले की त्याच दिवशी काम बंद.

आपल्या समाजातील मुले सौदीला, दुबईला जातात. कफीलने पासपोर्ट ठेवून घेतला, दोन महिन्यांचा पगार अडवला, तर आपण येथे जुल्म म्हणून ओरडतो, आणि ते बरोबरच आहे. मग परगावाहून आपल्या दारी आलेल्या या बाईचे कफील कोण? आपणच ना?

महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यामागे मोलकरीण संघटनांची अनेक वर्षांची मेहनत होती. पुण्यात तर 1980 सालीच मोलकरणींनी संप केला होता. या कायद्याखाली 18 ते 60 वर्षांच्या घरकामगाराची नोंदणी होते. त्यासाठी वयाचा व राहण्याचा पुरावा लागतो, आणि ही बाई आमच्याकडे काम करते असा मालकाचा दाखलाही लागतो. गाडी येथेच अडते.

माझीच गोष्ट सांगतो. 2016 च्या दुष्काळात परभणीकडून आलेली एक बाई आमच्याकडे काम करीत होती. दोन-तीन वर्षांनी तिने फॉर्म आणला. मी म्हणालो, "नंतर बघू." मनात भीती, की सही केली तर उद्या सरकार आपल्यालाच काही लावील. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या निर्बंधांत सरकारने नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना 1500 रुपये जाहीर केले. आमच्या बाईची नोंदणीच नव्हती. ती मला एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागले. मी खिशातून पैसे दिले, पण माझ्याकडून मिळाली ती मदत. सरकारकडून मिळाला असता तो हक्क.

काही बंधू म्हणतात, कागद हातात दिला की बाई डोक्यावर बसते. दुकानातील नोकराला आपण आठवड्याची सुट्टी देतो. त्याने कोणाचे दुकान बुडाले?

आणखी एक गोष्ट घरातील तरुणांनाही सांगून ठेवावी. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेसुद्धा कामाचे ठिकाण मानले आहे. बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते.

व्यापारी आणि कारागीर बंधूंना माझी विनंती एवढीच. बाईचा पगार ठरल्या तारखेला द्या आणि वहीत लिहा. आठवड्याला एक सुट्टी द्या. तिने फॉर्म आणला तर त्याच दिवशी सही करा, आणि आणला नाही तर तिला कामगार कार्यालयाचा रस्ता दाखवा. मी ही सही उशिरा केली. आपण उशीर करू नये.