पियानो संथ होतो, तेव्हा वादक कुठे जातो?

शोपाँच्या एखाद्या नॉक्टर्नचे ध्वनिमुद्रण घ्यायचे, त्याचा वेग कमी करायचा, वर थोडा घुमारा चढवायचा आणि ते यूट्यूबवर टाकायचे, हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. ‘स्लोड अँड रिव्हर्ब’ या नावाने हिंदी-मराठी चित्रपटगीतांचीही अशी रूपे निघतात आणि रात्री अभ्यासाला बसलेली मुले ती हेडफोन लावून ऐकत राहतात. ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट पडतात. काहींना हे रूप मुळापेक्षा खोल वाटते, मन शांत होते, डोळे भरून येतात. काहींना ही निव्वळ मोडतोड वाटते. पहिल्यांच्या अनुभवाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण त्यांना भावते ती खोली यंत्राची असते, वादकाची नव्हे. तिलाच विलंबित लय समजण्याची गफलत पलुस्करांचा वारसा सांगणाऱ्या नाशिकमध्ये तरी होऊ नये.

आधी यंत्र काय करते ते पाहू. ध्वनिमुद्रणाचा वेग शंभरावरून ऐंशीवर आणला, की साध्या पद्धतीत सूरही जवळजवळ चार अर्धस्वर खाली उतरतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज पांढरी सहावर येतो आणि आवाज पुरुषी वाटू लागतो. पियानो खाली उतरला की वाद्य आहे त्यापेक्षा मोठे, तारा अधिक लांब असल्याचा भास होतो. पियानोची हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून नाद विरायला लागतो. ते विरणेही आता ताणले जाते. दालनाचा दोन सेकंदांचा घुमारा अडीच सेकंदांचा होतो, म्हणजे ऐकणाऱ्याला खोली मोठी झाल्यासारखी वाटते. वरून आणखी कृत्रिम घुमारा असतोच. आघाताची धार बोथट, नाद लांब, जागा विस्तीर्ण. इतके सगळे एकत्र आल्यावर मन हळवे झाले तर नवल नाही. मात्र यातली एकही गोष्ट शोपाँने लिहिलेली नाही आणि वादकाने वाजवलेलीही नाही.

खरा संथपणा कसा घडतो, हे आपल्याकडच्या ख्यालाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. उस्ताद अमीर खाँ झुमरा तालात अतिविलंबित गात, तेव्हा चौदा मात्रांच्या एकेका आवर्तनाचा पट फार लांब पसरे. दोन ठोक्यांमधले अंतर साधारण दोन सेकंदांच्या पुढे गेले की कानाला त्यांचा संबंध जुळवणे जड जाते. लय सुटते, नुसते सुटे आघात उरतात. म्हणून तबलजी ठेका नुसता ताणत नाही. मात्रेचे पोटभाग पाडतो, मधल्या जागा तिरकिटने भरतो, आणि गायक त्या भरलेल्या काळात स्वरांची बढत करतो. लय उतरली की आत नवे काम करावे लागते. मध्य लयीतला एकताल यंत्रावर ताणून विलंबित एकताल होत नाही. मधल्या जागा रिकाम्याच राहतात. शोपाँच्या शिष्यांनीही लिहून ठेवले आहे, की डाव्या हाताने लय सांभाळावी आणि उजव्याने मोकळेपणाने गावे, असा त्याचा आग्रह असे. आपल्या ठेक्याचे आणि गायकाचे नातेही असेच. वादक एखादा स्वर कणभर उशिरा लावतो तो पुढच्या स्वराची ओढ लागावी म्हणून. सगळेच सारख्या प्रमाणात रेंगाळले, तर त्या कणभर उशिराचे काय राहिले?

नाशिकला याचा उलट पुरावा ठाऊक असायला हवा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभारला आणि त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे आपले बापूराव, लहानपणी इथे वाढले. त्यांची पहिली तबकडी १९४४ सालची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत. त्यात रागाचे रूप, बंदिश, आलापाची झलक आणि ताना बसवायच्या, तर काय गाळायचे आणि काय राखायचे याचा निर्णय गायकालाच घ्यावा लागे. बापूरावांच्या तबकड्या ऐकताना तो निर्णय जागोजागी जाणवतो. घाई कुठेच वाटत नाही. तीच तबकडी संथ करून सात मिनिटांची केली, म्हणून मैफलीतला विलंबित ख्याल हाती येणार नाही. १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी बापूराव गेले. जे मागे राहिले आहे, त्यातला प्रत्येक क्षण त्यांनी ठरवलेल्या लयीतच ऐकायला मिळावा, असे मला मनापासून वाटते.

यावर काही आक्षेप येतील. कलावंतही लय बदलतातच की! बदलतात. शोपाँने ओपस १० मधल्या तिसऱ्या एत्यूदवर हस्तलिखितात जलद लयीची खूण केली होती. १८३३ मध्ये ती रचना छापून आली तेव्हा तिच्यावर संथ लयीची खूण होती. पियानोवादक ग्लेन गूल्डने ६ एप्रिल १९६२ रोजी ब्राम्सचा पहिला पियानो काँचेर्तो इतका सावकाश घेतला, की वाद्यवृंदाचा संचालक लेनर्ड बर्नस्टाइनने कार्यक्रमाआधी श्रोत्यांसमोर आपला मतभेद जाहीर केला आणि मगच संचालन केले. पण गूल्डला त्या लयीत प्रत्येक वाक्य नव्याने तोलावे लागले आणि त्याची जबाबदारी त्याने घेतली. दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा. अवघड तान किंवा पियानोवरची झपाट्याची जागा संथ करून ऐकली की उलगडते. अगदी खरे, आणि रियाजासाठी ते जरूर करावे. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ फेऱ्यांवर ध्वनिमुद्रित झालेल्या नसत. त्यांचा वेग दुरुस्त करणेही योग्यच, कारण तिथे मूळ लयीकडे परत जायचे असते. फाळक्यांच्या काळचे मूकपट आजच्या वेगाने दाखवले की माणसे धावतात, म्हणून वेग उतरवावा लागतो, तसेच हे.

उरतो सर्वांत मोठा आक्षेप: ज्याला जे आवडते ते त्याने ऐकावे, त्यात कुणाचे काय जाते? माझ्या मते वादकाचे जाते. शोपाँ १८४९ मध्ये वारला. त्याच्या स्वरलिपीवर आज कुणाचा हक्क नाही. संथ केले जाते ते कुणा एका पियानोवादकाचे काम, आणि अशा रूपांवर बहुधा शोपाँचेच नाव असते, वादकाचे नसते. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव लावले जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी विकृती रोखण्याचा हक्क दिला आहे. वेळेत बसवण्यासाठी केलेली काटछाट त्यातून वगळली आहे. ताणण्याचा तिथे उल्लेख नाही. संथ रूप करणाऱ्याने निदान वादकाचे नाव, मूळ ध्वनिमुद्रणाचे साल आणि वेग किती उतरवला तो आकडा, एवढे खाली लिहावे. मग ज्याला ते रूप आवडले, त्याला त्याच वादकाचे मूळ वादन शोधून ऐकता येईल.