ओव्हरक्लॉकिंगसाठी रॅम: आकडा मोठा, लाभ थोडा

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर परवडेल तेवढी वेगवान रॅम घ्या, हा सल्ला उज्जैनच्या फ्रीगंजपासून पुण्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तो एकेकाळी खरा होता, म्हणूनच टिकला आहे. २००६ सालच्या कोअर २ ड्युओ ई६६०० या प्रोसेसरची गती २६६ मेगाहर्ट्‌झच्या बसला ९ ने गुणून ठरे. गुणक वर नेता येत नसे, म्हणून बसच वाढवावी लागे आणि तिच्याबरोबर रॅमही ओढली जाई. तरीही बस ४०० वर नेऊन प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्‌झवर चालवायला साधी डीडीआर२-८०० पुरत असे. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिजने हे नातेच तोडले. बेस क्लॉक १०० वर स्थिर ठेवायचा आणि ‘के’ मालिकेत गुणक मोकळा. ४५ चा गुणक दिला की ४.५ गिगाहर्ट्‌झ, आणि रॅमला त्याची खबरही नसते. एएमडीच्या बहुतेक रायझनमध्येही गुणक असाच मोकळा आहे. म्हणजे ज्या कारणासाठी सल्ला दिला जातो, ते कारण कधीच संपले आहे.

यावर उत्तर येते की रॅमचा वेग स्वतंत्रपणेही कामाचा असतो. असतो, पण डब्यावरचा आकडा तो पूर्ण सांगत नाही. डीडीआर५-६००० ची सीएल४० (सीएल म्हणजे प्रतिसादाआधी जाणाऱ्या क्लॉक-चक्रांची संख्या) जोडी पहिला प्रतिसाद द्यायला १३.३ नॅनोसेकंद घेते, सीएल३० जोडी १०. आणि डीडीआर४-३२०० ची सीएल१६ जोडीही १० च घेते. शिवाय मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे रॅम किती धावेल हे बरेचसे तोच ठरवतो. रायझन ७००० मालिकेला अधिकृत आधार ५२०० चा आहे. साधारण ६००० पर्यंत कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने चालतो, ८००० वर नेले की निम्म्या गतीवर उतरतो. जादा पैसे मोजून पदरात विलंब पाडून घेण्याचाच हा प्रकार. एकाच कांडीऐवजी दोन कांड्या दोन चॅनेलमध्ये लावल्या, तर डीडीआर४-३२०० ची सैद्धांतिक बँडविड्थ सेकंदाला २५.६ वरून ५१.२ गिगाबाइट होते. एवढी झेप कोणताही महागडा किट देत नाही.

उज्जैनमध्ये आणखी एक मुद्दा निर्णायक ठरतो: उन्हाळा. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, आणि कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा गरमच असते. रॅमच्या पेशीतला विद्युतभार उष्णतेने लवकर गळतो. म्हणूनच डीडीआर४ च्या मानकात रिफ्रेशचे अंतर ७.८ मायक्रोसेकंद आणि ८५ अंशांच्या वर गेल्यास निम्मे आहे. ओव्हरक्लॉकर मात्र चाचणीत गुण मिळवायला हेच अंतर ताणतात आणि १.२ व्होल्टच्या जागी १.३५ किंवा अधिक देतात. डिसेंबरात निर्दोष वाटलेली मांडणी मे महिन्यात डगमगते ती यामुळे. प्रत्येक चूक निळ्या पडद्याने जाहीर होते असेही नाही. २०२८ च्या सिंहस्थाचे चित्रण संपादित करणाऱ्याच्या फाइलमध्ये एखादा बिट उलटला, तर ते महिन्यांनी कळेल.

डीडीआर५ मध्ये चूक-दुरुस्ती असते ना, असा आक्षेप येईल. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या पेशींपुरती आहे. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. एक्सएमपीवर, म्हणजे रॅमच्या तयार ओव्हरक्लॉक प्रोफाइलवर, कंपनीची हमी असते, हेही अर्धेच खरे: हमी कांडीची, तुमच्या प्रोसेसरमधल्या कंट्रोलरची नव्हे. एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळायचे असेल, तर रॅमच्या बँडविड्थवर खर्च केलेला पैसा खरोखर वसूल होतो. बाकीच्यांनी मदरबोर्डच्या सुसंगत रॅमच्या यादीत असलेली, कमी सीएलची, एकाच पाकिटातली जोडी घ्यावी, उरलेले पैसे चांगल्या कूलरवर आणि कॅबिनेटच्या पंख्यांवर घालावेत, आणि मेमटेस्टची रात्रभराची चाचणी हिवाळ्यात उरकली असली तरी मे महिन्यातल्या दुपारी, कॅबिनेट बंद ठेवून, पुन्हा घ्यावी.