पाठिंबा कोणाला, आणि कशासाठी?

हा विषय कात्रपमधल्या एका बचत गटाच्या बैठकीत निघाला होता. तिथे मला नीट बोलता आले नाही, म्हणून आता लिहिते आहे.

ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. ७ तारखेला हमासने इस्रायलवर हल्ला करून सुमारे १२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास माणसे ओलीस नेली. त्यानंतर आठवड्याभरात भागातल्या काही कार्यकर्त्यांनी आमच्याकडे एक कागद पाठवला. बदलापूर स्टेशनबाहेर मेणबत्त्या घेऊन उभे राहायचे, बायकांची संख्या जास्त हवी, आणि खाली सह्या करायच्या. मजकूर चार ओळींचाच होता. इस्रायल आपला मित्र आहे, दहशतवाद आपणही सोसला आहे, म्हणून इस्रायल जे करील त्याला आमचा संपूर्ण पाठिंबा आहे.

कागद फिरला. एक जण म्हणाली, "द्या ना सही, मेणबत्तीच तर धरायचीय." दुसरी म्हणाली, "तिकडचं आपल्याला काय? इथं दोन दिवस नळाला पाणी नाही." गटातल्या सर्वांत मोठ्या मावशींनी कागद दोनदा वाचून घेतला आणि मला विचारले, "ताई, जे करील ते म्हणजे काय काय?"

मी गोलमोल बोलले. शेवटी सह्या न करता कागद परत गेला आणि आम्ही कर्जाच्या हप्त्यांकडे वळलो.

सही न करणे बरोबर होते असे मला आजही वाटते. पण तेवढ्यावर थांबणे चूक होते.

दहशतवाद आपणही सोसला आहे, हे त्या कागदातले वाक्य खरेच होते. बदलापूरच्या बायांना ते कोणी सांगायला नको. १३ मार्च २००३ च्या रात्री मुलुंड स्टेशनात कर्जत लोकलच्या बायकांच्या डब्यात बॉम्ब फुटला. दहा-बारा माणसे मेली, कितीतरी जखमी झाली. मी तेव्हा शाळेत होते. आई मुंबईला नोकरीला जायची आणि त्याच सुमाराच्या गाडीने परत यायची. घरी फोन नव्हता. शेजारच्या काकूंच्या फोनजवळ मी आणि धाकटा भाऊ बसून राहिलो. आई मागच्या गाडीत होती. रात्री दीड वाजता ती घरी पोचली, तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती. सोमवारी ती पुन्हा त्याच डब्यात चढली, कारण नोकरी होती.

नंतरची एक गोष्ट आईने खूप वर्षांनी सांगितली. तिच्या डब्यात कुर्ल्याला बुरखा घातलेली एक बाई चढायची. रोजची ओळख, डबाही एकमेकींना द्यायच्या. स्फोटानंतर दोन-तीन दिवस तिला कोणी चौथी सीट देईना. बायका खिडकीबाहेर बघत बसायच्या. मग आईच एकदा म्हणाली, "जरा सरका, ती पण आपल्यासारखीच दमलीय." एकजूट हा शब्द मी पुढे समाजकार्याचे शिक्षण घेताना पुस्तकात वाचला. त्याचा अर्थ मला त्या सीटवरून कळतो.

इस्रायलशी आपले नातेही नुसते दोन सरकारांमधले नाही. बेने इस्रायल लोक शेकडो वर्षे कोकणात राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी ही त्यांची घरची भाषा. त्यांच्यातल्याच डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. किती गरीब बायांची बाळंतपणे त्यांच्या हाताखाली झाली असतील! त्याच कामा हॉस्पिटलात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी शिरले. तेव्हा रात्रपाळीला असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायांना एका लहानशा खोलीत हलवून वाचवले, आणि पुढे कसाबला ओळखून कोर्टात साक्षही दिली. त्याच हल्ल्यात नरिमन हाऊसमधले ज्यू जोडपे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला उचलून बाहेर आणले ते त्याला सांभाळणाऱ्या सॅन्ड्रा सॅम्युएल यांनी, आणि पुढे त्या त्याच्यासोबत इस्रायलला गेल्या.

म्हणजे तिथल्या माणसांशी आपले सुखदुःखाचे नाते आहे. मग सही का नको?

कारण तो कागद माणसांसाठी नव्हता. तो सरकारसाठी होता, आणि तोही कोरा. देश म्हणजे सरकार नव्हे, हे बेने इस्रायल समाजालाच विचारा. इथून तिकडे गेलेल्या या लोकांच्या लग्नांच्या वेळी १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या वंशाची चौकशी करायचा फतवा काढला. आई कोणाची, आजी कोणाची, हे सिद्ध करा आणि मग लग्न करा! आपल्या मराठी माणसांनी त्याविरुद्ध आंदोलन केले, धरणे धरले, आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. त्या वेळी इस्रायलचा मित्र कोणाला म्हणायचे? धर्मपीठाच्या बाजूने उभा राहणाऱ्याला, की धरण्यावर बसलेल्या बायांशेजारी बसणाऱ्याला?

आणि 'जे करील ते' म्हणजे काय, हे पुढे जगाने पाहिले. गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली तोवर ६७ हजारांहून अधिक माणसे मेली होती. त्यांत बायका आणि मुले हजारोंनी. आपल्या सरकारचीही भूमिका एकसारखी राहिली नाही. २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, आणि १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूने मत दिले. मावशींनी सही केली असती तर ती आज कशाकशाखाली असती?

आता आपल्या चुकीकडे येते. ७ ऑक्टोबरला बायांवर बलात्कार झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळ जणी गप्प बसल्या. मीही. आता बोललो तर गाझावरच्या बॉम्बहल्ल्यांना हातभार लागेल, अशी भीती होती. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागानेही स्पष्ट शब्दांत निषेध केला तो १ डिसेंबरला, म्हणजे जवळजवळ आठ आठवड्यांनी. मार्च २०२४ मध्ये प्रमिला पॅटन यांचा अहवाल आला. किमान तीन ठिकाणी बलात्कार आणि सामूहिक बलात्कार झाले असे मानायला सबळ आधार आहे, आणि ओलिसांवर लैंगिक अत्याचार झाल्याची खात्रीलायक माहिती आहे, असे त्यात म्हटले आहे. काही गाजलेल्या कहाण्या निराधार निघाल्या, हेही त्यात आहे. इस्रायलच्या कोठडीत पॅलेस्टिनी स्त्री-पुरुषांशी झालेल्या वागणुकीच्या तक्रारींचीही नोंद आहे. इतके सगळे एका अहवालात मावते, तर आपल्या तोंडून का निघू नये?

बाई बोलते तेव्हा तिचे आधी ऐकून घ्या, हे आपण वर्षानुवर्षे पोलीस ठाण्यांत सांगत आलो. तिचे सरकार कोणते, तिचा धर्म कोणता, हे विचारून मग ऐकायचे असे आपण कधी ठरवले?

हे मला खऱ्या अर्थाने उमगले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, आमच्याच बदलापुरात. शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीला आले. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना तासन्‌तास थांबावे लागले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, गाड्या बंद पडल्या. मागणी न्यायाची होती. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला, आणि 'बदला पुरा' असे फलक मुंबईत लागले. त्याच्यावर खटला चालून, साक्षीपुरावे होऊन निकाल लागणे राहूनच गेले. त्या आठवड्यात गटातली एक बाई मला म्हणाली, "आपण मागितलं होतं एक, आणि दिलं भलतंच. वर आपलंच नाव लावलं."

आपले नाव लावून दुसऱ्याने बदला घ्यायचा, हेच मोठ्या प्रमाणावर तिकडे झाले. आणि तिकडच्या बायांना ते आपल्या आधी कळले होते. विमेन वेज पीस ही इस्रायली बायांची संघटना २०१४ च्या गाझा युद्धानंतर उभी राहिली. हल्ल्याच्या तीनच दिवस आधी, ४ ऑक्टोबर २०२३ ला, तिच्या आणि विमेन ऑफ द सन या पॅलेस्टिनी संघटनेच्या बायकांनी मिळून शांततेसाठी मोर्चा काढला होता. संस्थापकांपैकी एक, ७४ वर्षांच्या व्हिव्हियन सिल्व्हर, ७ तारखेला हमासच्या हल्ल्यात आपल्या घरीच मारल्या गेल्या. एवढे होऊनही संघटना बंद पडली नाही. पाठिंबा द्यायचाच तर या बायांना देऊ या.

मैत्रिणींनो, मी आता तो जुना कागद गटात पुन्हा नेला आहे, आणि आम्ही मिळून आमचा कागद लिहायला घेतला आहे. आतापर्यंत तीन वाक्ये झाली आहेत. निःशस्त्र माणसांना मारणाऱ्या, ओलीस नेणाऱ्या, बायांवर बलात्कार करणाऱ्या प्रत्येकाचा आम्ही त्याचे नाव घेऊन निषेध करतो. ज्यांचे माणूस गेले, त्या दोन्हीकडच्या घरांसोबत आम्ही आहोत. आमच्या दुःखाच्या किंवा त्यांच्या दुःखाच्या नावाने कोणीही सूड घेऊ नये.

मावशींचे म्हणणे, चौथे वाक्य आपल्या वस्तीबद्दल हवे. पुढचा स्फोट कुठेही झाला, तरी दुसऱ्या दिवशी डब्यात आणि चाळीत कोणाला वाळीत टाकायचे नाही. यावर गटात अजून वाद चालू आहे. दोघींचे म्हणणे, हे लिहिले तर घरचे सही करू देणार नाहीत.

तुमच्या गटांत हा विषय काढा. काय बोलणे झाले, कुठे अडले, ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. चौथे वाक्य तुमच्याकडून आले तरी चालेल.