पुलाची नाडी

वैद्य रोग्याची नाडी पाहतो, तशी पुलाचीही नाडी पाहता येते. अवजड ट्रक गेला की पूल थरथरतो आणि ट्रक पुढे गेल्यावरही काही क्षण थरथरत राहतो. दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला वारंवारता म्हणतात. पुलाचे वजन आणि ताठपणा यांवर ती ठरते. पूल आतून कमकुवत झाला तर ती बदलू शकते.

ही कंपने दोन प्रकारे मोजली जातात. पहिल्या प्रकारात त्वरणमापक नावाचे लहानसे यंत्र पुलाला घट्ट जोडतात. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. अनेक त्वरणमापक याच गुणावर चालतात. दुसऱ्या प्रकारात पुलाला स्पर्शच होत नाही. दुरून सोडलेला लेसर किरण हलत्या पृष्ठभागावरून परततो तेव्हा त्याची वारंवारता किंचित बदललेली असते. त्यावरून पुलाच्या हालचालीचा वेग कळतो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते, ती याच तत्त्वामुळे.

स्पर्शाविना होणारी मोजणी अधिक प्रगत आणि म्हणून अधिक चांगली, असा समज सहज होतो. काही ठिकाणी तो खराही आहे. तबल्याच्या पुडीवर मापक चिकटवला तर त्याच्या वजनानेच सूर बदलेल. तेथे लेसरच हवा. परंतु शेकडो टन वजनाच्या पुलाला मूठभर यंत्राचा भार तो कसला? उलट लेसरचीच अडचण होते. त्याला केवळ किरणाच्या दिशेतील हालचाल कळते. पाऊस आणि धुके त्याच्या आड येतात. शिवाय ज्या तिपाईवर तो ठेवलेला असतो ती स्वतः हलली, तर तिची थरथर पुलाच्या नावावर जमा होते.

त्वरणमापकही निर्दोष नाही. तो बसवण्यासाठी उंचावर चढावे लागते, प्रसंगी वाहतूक थांबवावी लागते. पूल किती सरकला हे त्याच्या नोंदींवरून काढताना बारीकशी चूकही फुगत जाते. तरीही पुलाच्या रोजच्या देखरेखीसाठी त्यालाच अग्रमान द्यायला हवा. ऊन-थंडीनेही पुलाची वारंवारता बदलते. म्हणून एका दिवसाच्या मोजणीवरून फारसे काही ठरवता येत नाही. वर्षभराच्या नोंदी हव्यात, आणि लेसर घेऊन वर्षभर नदीकाठी कोण बसणार?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एस. टी. बस आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. मापक असता तर हे टळले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. पुराचा घाला अचानक पडतो. पण तशा काळोखात, कोसळत्या पावसात पुलाजवळ जागे राहू शकते ते पुलाला बांधलेले यंत्रच.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. मापक बसवायला माणसाला पुलापाशी जावे लागते. दूर काठावरून किरण सोडणाऱ्याला सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप दिसेलच असे नाही. शिडीवर चढलेल्याला ते हाताने बाजूला सारूनच मापक बसवावा लागतो.