हिवाळी सहल : उन्हे जरा वर येऊ द्या

मार्गशीर्ष लागला की इंदूरच्या मराठी माणसाला दोन गोष्टींचे वेध लागतात : सराफ्यातील गराडूचे आणि सहलीचे. कुणी चोरलला, कुणी जानापावला, कुणी मांडवगडला, तर कुणी महेश्वर-ओंकारेश्वरी नर्मदामाईच्या दर्शनाला. आपल्या भागातील मंडळी १९०१ साली स्थापन झालेल्या बडा गणपतीला हात जोडून, शहर जागे होण्यापूर्वीच मार्गस्थ होतात. ‘लवकर निघाले की दिवस मोठा मिळतो’ हा आपल्या वाडवडिलांचा दंडक, आणि उन्हाळ्यात तो योग्यही आहे. परंतु पौष-माघाच्या थंडीत, साठी-सत्तरीच्या ज्येष्ठांना बरोबर घेऊन पहाटे पाचला निघण्याची प्रथा आता मोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती मोडण्यात पुढाकार घ्यायचा तर तो आपल्या वैद्यकीय मंडळानेच घ्यावा.

कारण आपल्या भूगोलात आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर माळव्याच्या पठारावर वसलेले आहे. दक्षिणेकडे विंध्याची कड तुटते आणि महेश्वरला नर्मदेकाठी आपण १५० मीटरांच्या आसपास येतो. म्हणजे दोन-अडीच तासांच्या प्रवासात जवळजवळ ४०० मीटरांची उतरण. दुपारी याचा अनुभव सुखद असतो. उंची कमी झाली की हवा ऊबदार होते आणि निमाडात स्वेटर काढून ठेवावा लागतो. त्यामुळे ‘खाली थंडी नसते’ असा आपला समज दृढ झाला आहे. निरभ्र आणि निवांत रात्री मात्र चित्र वेगळे असते. जमीन दिवसभराची उष्णता आकाशात सोडून देते, तिच्या सान्निध्यातील हवा गारठते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळून दऱ्यांच्या तळाशी साठते. वर तुलनेने उबदार हवा, खाली थंड. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. चोरल नदीचे खोरे, कालाकुंडची दरी, पातालपानीच्या खालचा भाग ही अशी थंडी साठण्याची भांडीच होत. नदीची आर्द्रता मिळाली की तेथेच धुके धरते, आणि चुलीचा धूरही वर न जाता तेथेच तरंगत राहतो. उन्हे दरीत उतरेपर्यंत, म्हणजे साधारण नऊ-साडेनऊपर्यंत, हे झाकण उघडत नाही. ‘शब-ए-मालवा’ची कीर्ती सर्वदूर आहे, पण ती पठारावरच्या रात्रीची आहे, दरीतल्या पहाटेची नव्हे!

आता या पहाटेस बसमधून उतरणाऱ्या आपल्या रुग्णाचा विचार करा. थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरात अधिक येतात, हे आपण सर्व जाणतो. त्यात थंड हवा श्वासनलिका आकसवते. दम्याच्या रुग्णाला धूर आणि धुके एकत्र भेटले तर विचारायलाच नको. ही झाली पुस्तकात सापडणारी बाजू. व्यवहारातील बाजू मला अधिक चिंताजनक वाटते. पहाटे साडेचारला उठलेला माणूस रक्तदाबाची गोळी ‘नाश्त्यानंतर घेऊ’ म्हणून पिशवीत ठेवतो, आणि ती पिशवी बसच्या टपावर जाते. मधुमेही गृहस्थ शिस्तीने घरी इन्सुलिन टोचून घेतात, पण पोहे मिळतात वाटेत गाडी थांबेल तेव्हा, दोन तासांनी. मग त्यांचा थरकाप आणि भ्रमिष्ट बोलणे थंडीच्या नावावर खपते. अंगाला घाम आहे का, हे स्वेटर-मफलरच्या आत कोण पाहतो? ज्येष्ठ मंडळी तर बस थांबवावी लागेल या संकोचाने पाणीच पीत नाहीत. यांतील एकाही गोष्टीला महागडा उपचार लागत नाही, फक्त निघण्याची वेळ बदलावी लागते.

स्नानाबद्दलही लिहिले पाहिजे. माघ शुद्ध सप्तमी म्हणजे रथसप्तमी आणि नर्मदा जयंती. या दिवशी घाटावर डुबकी घेण्याची ओढ मी समजू शकतो आणि श्रद्धेवर भाष्य करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून नेते. गार पाण्यात एकदम शिरले की प्रथम खोल धाप लागते, श्वास आवरत नाही, नाडी आणि रक्तदाब उसळतात. पट्टीचे पोहणारेही याच पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत पाणी नाकातोंडात जाऊन बुडतात. म्हणून आधी हातपाय, मग तोंड, मग हळूहळू छाती, आणि तेही कुणीतरी जवळ असताना. हृदयरोग्याने लोटीभर पाणी अंगावर घेतले तरी पुण्य उणे होत नाही, असे माझी आजी म्हणे. आणि दाल-बाफल्यांचे तुडुंब भोजन झाल्यावर पाण्यात उतरणे तर पूर्णपणे टाळावे; तुपात बुडालेला बाफला पचविण्याचे काम हृदयालाही पुरते.

नदीच्या संदर्भात आणखी एक सत्य आपण लवकर विसरतो. नर्मदा आता केवळ पावसावर वाढत नाही. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यातील धाराजी येथे भूतडी अमावास्येच्या मेळ्यासाठी जमलेले यात्रेकरू इंदिरा सागर धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. ओंकारेश्वरचे धरणही २००७ पासून वीज देत आहे, आणि विजेच्या मागणीनुसार घाटावरील पाणी कोरड्या हिवाळ्यातही चढते-उतरते. पातालपानीला १७ जुलै २०११ रोजी जी दुर्घटना घडली ती पावसाळ्यातील; तिची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली, म्हणून ती लक्षात राहिली. त्यामुळेच ‘हिवाळ्यात नदीला भय नाही’ अशी आपली उगीच समजूत झाली आहे. खडकांवर बसून डबा उघडण्यापूर्वी स्थानिक नावाड्याला दोन शब्द विचारावेत. भोंगा वाजला की फोटो अर्धवट सोडून काठ गाठावा.

हवामानाचा अंदाज वाचण्यातही आपण एक चूक करतो. पश्चिमी विक्षोभ आला, मावठा पडला, की सहल पुढे ढकलतो आणि आकाश स्वच्छ होताच दुसऱ्याच पहाटे निघतो. वास्तविक ढग असतात तोवर रात्र उबदार असते. ढग हटले, उत्तरेचा वारा सुटला, की पारा झपाट्याने घसरतो आणि भिजलेल्या जमिनीवर दाट धुके उतरते. तीच पहाट भेरूघाट किंवा धामनोदकडील गणपती घाट उतरण्यास सर्वांत वाईट. किमान तापमान १० अंशांवर वा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असेल तर हवामान खाते त्यास शीतलहर म्हणते. हा शब्द बातम्यांत आला की ज्येष्ठांची सहल दोन-तीन दिवस थांबवावी. पावसाळी ढगांत वीज कडाडत असेल तर जानापावच्या माथ्यावर थांबू नये.

हनुवंतियाच्या जलमहोत्सवाने २०१६ पासून तंबूत राहण्याची हौस वाढविली आहे, आणि तरुण मंडळी स्वतःचे तंबू घेऊन चोरलकाठीही मुक्काम करतात. त्यांना एवढेच सांगणे : शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत कदापि नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस जागा होत नाही. मद्याने ऊब येते हाही भ्रम. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर जाते.

काही डॉक्टर बंधू यावर म्हणतील, मग ज्येष्ठांनी घरीच बसावे. मला हे अजिबात मान्य नाही. डिसेंबर-जानेवारीची दुपार ही या प्रदेशाला मिळालेली देणगी आहे. सकाळी अकरा ते चार या वेळेत महेश्वरच्या घाटावर जे कोवळे ऊन, जी स्वच्छ हवा आणि जी माणसांची सोबत लाभते, ती आम्ही कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. गुडघेदुखीचा रुग्णही तेथे तक्रार न करता पायऱ्या चढतो. आपण त्याला ‘जाऊ नका’ म्हणतो तेव्हा तो ऐकत नाही, लपून जातो, आणि गोळ्या घरी ठेवून जातो. त्यापेक्षा चिठ्ठीवरच लिहावे : सहल चालेल, साडेआठनंतर निघणे, नाश्ता व औषधे घरी घेऊन, दुपारच्या गोळ्या अंगावरच्या खिशात.

या वर्षीच्या आपल्या मंडळाच्या सहलीपासूनच हे करून पाहावे, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. साडेआठला सुटलेली बस दहाच्या सुमारास चोरलला पोहोचते. तोवर दरीतले धुके विरलेले असते, दगड तापू लागलेले असतात, आणि बाफल्यांसाठी गोवऱ्या पेटवायला तसाही तेवढाच वेळ लागतो. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा परतीची बस साडेचारला सुटावी. अंताक्षरी बसमध्येही रंगते.