विश्लेषण : टेकडीचा तोच तो फोटो पुन्हा पुन्हा का काढावा?

पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज सकाळी जितके पाय चढतात, जवळपास तितकेच मोबाइलही चढतात. सूर्योदय, मोर, दगडखाणीतले पाणी, मित्रमंडळींचा सेल्फी असे शेकडो फोटो दिवस उजाडताच निघतात आणि दुपारपर्यंत व्हॉट्सॲपच्या गर्दीत दिसेनासे होतात. मात्र टेकडीवर रस्ता यावा की नाही, लावलेली झाडे जगली का, राडारोडा कधी पडला, असे प्रश्न उभे राहिले की पुरावा शोधावा लागतो. हजारो फोटोंतून नेमका हवा तो फोटो का सापडत नाही? त्यासाठी काय बदलावे लागेल?

टेकडी म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये शहराला लागून असलेल्या मोकळ्या, अर्धवट रानटी जागांना ‘कंट्री पार्क’ म्हणतात. १९६८च्या कंट्रीसाइड कायद्याने अशा जागा उभारण्याचे अधिकार तिथल्या स्थानिक संस्थांना दिले. आपल्याकडे त्या नावाची वेगळी श्रेणी नाही. पण वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती या जागा पुणेकरांसाठी तेच काम करतात. त्या आखीव बगिचे नाहीत आणि अभयारण्येही नाहीत. तिथे तिकीट नाही, वेळेचे फारसे बंधन नाही. व्यायामाला येणारे, कुत्रा फिरवणारे, पक्षी पाहणारे आणि परीक्षेच्या आधी अभ्यासाला बसणारे असे सगळे तिथे भेटतात.

नेमक्या याच कारणाने या जागांचे दस्तऐवज तोकडे राहतात. अभयारण्यात वनविभाग कॅमेरा ट्रॅप लावतो, गणना करतो. बगिच्यात माळ्याकडे झाडांचा हिशेब असतो. टेकडीवर मात्र गेल्या वर्षी पळस कधी फुलला, वणव्यात किती उतार जळाला, कोणती पायवाट रुंद होत गेली, हे नोंदवणे कोणाच्याच रोजच्या कामात बसत नाही. ही पोकळी भरून काढण्याची ताकद रोज चढणाऱ्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

साधा फोटो पुरावा कसा ठरतो?

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले आहे. लोवेल या गावातील स्मशानभूमीचे ३० मे १८६८ रोजी, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनी, एक छायाचित्र काढले गेले. काढणाऱ्याचे लक्ष झाडांकडे असण्याचे काही कारण नव्हते. शंभराहून अधिक वर्षांनी शास्त्रज्ञांनी मात्र त्यातली झाडेच पाहिली. मे महिना संपत आला तरी त्यांना पालवी नव्हती. त्याच जागेच्या २००५ सालच्या त्याच तारखेच्या छायाचित्रात झाडे पानांनी भरलेली होती. बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी जुनी छायाचित्रे आणि वनस्पतींचे वाळवून ठेवलेले नमुने पडताळले आणि वाढत्या तापमानाचा झाडांच्या वेळापत्रकावर होणारा परिणाम दाखवून दिला.

ते छायाचित्र कलाकृती म्हणून गाजलेले नव्हते. त्याची जागा पक्की होती, तारीख पक्की होती आणि ते जपून ठेवले गेले होते. तेवढ्यावर ते विज्ञानाच्या कामी आले. टेकडीवरच्या वाढदिवसाच्या, पक्षीसप्ताहाच्या किंवा दिवाळीच्या फराळाच्या फोटोतही पाठीमागे उतार असतो, झाडे असतात, इमारतींची रांग असते. समोरच्या माणसांसाठी काढलेला फोटो पन्नास वर्षांनी पाठीमागच्या दृश्यासाठी पाहिला जाऊ शकतो. पर्वतीच्या पायऱ्यांवर काढलेले घरोघरचे जुने फोटो आजही तसे पाहता येतील. फक्त मागच्या बाजूला पेन्सिलीने वर्ष लिहिलेले हवे.

उपग्रह असताना मोबाइल कशाला?

उपग्रहाचे चित्र वरून काढलेले असते. त्यात हिरवा डाग दिसतो, पण तो कशाचा हे सहज उलगडत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, हे परदेशी झाड मोठ्या प्रमाणावर लावले गेले. वरून पाहिले तर तेही हिरवे आणि सालई, गणेर, पळसही हिरवेच. जमिनीवरून घेतलेल्या फोटोत फरक लगेच कळतो.

दुसरी अडचण गवताची. टेकडीचा बराचसा भाग मुळातच गवताळ आणि खडकाळ असतो. उन्हाळ्यात तो पिवळा-करडा पडतो आणि नकाशा पाहणाऱ्याला ‘ओसाड’ वाटतो. ओसाड म्हटले की तिथे एक तर सरसकट झाडे लावण्याची कल्पना सुचते, नाही तर रस्ता काढण्याची. त्याच जागेचे मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमधले तीन फोटो शेजारी ठेवले तर ओसाडपणाचा समज गळून पडतो. गवतात घरटे करणारे चंडोलासारखे पक्षी, पावसाळ्यात खडकांवर उगवणारी इवली फुले, हिवाळ्यात सोनेरी होणारा उतार हे सारे त्याच जमिनीचे असते.

हा वाद पुस्तकी नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालून प्रस्तावित बोगदे यांवरून पुण्यात वर्षानुवर्षे रण पेटले आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवण्यासाठी नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. वाहतूक कोंडीने जेरीस आलेल्या शहरात रस्ता मागणाऱ्यांचे म्हणणेही झटकून टाकण्यासारखे नाही. पण अशा वादात एका बाजूकडे आराखडे आणि अंदाजपत्रके असतात, तर दुसऱ्या बाजूकडे बहुधा भावना आणि घोषणा. ‘टेकडी सुंदर आहे’ हा युक्तिवाद सुनावणीत टिकत नाही. ‘या ठिकाणी दरवर्षी या आठवड्यात हे दिसते आणि त्याच्या सलग दहा वर्षांच्या नोंदी या आहेत’ हा टिकू शकतो.

वृक्षारोपणाच्या फोटोत काय सुटते?

फोटोचा सर्वाधिक सोस दिसतो तो वृक्षारोपणात. ५ जूनला पर्यावरण दिन, पाठोपाठ पावसाळा. टोप्या, फलक, एका रोपाला लागलेले आठ हात आणि टाळ्या. पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्याचा फोटो काढायला मात्र कोणी जात नाही.

महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. त्यातली किती जगली यावर पुढे इतका वाद झाला की २०२१ मध्ये विधिमंडळाच्या समितीमार्फत चौकशीचा निर्णय झाला. लावतानाचा फोटो कार्यक्रम झाला एवढेच सांगतो. झाड जगले का, हे दुसरा, तिसरा आणि पाचवा फोटोच सांगू शकतो. टेकडीवर रोप लावणाऱ्या प्रत्येक मंडळाने आणि कंपनीने पुढच्या तीन उन्हाळ्यांत त्याच जागेचे फोटो प्रसिद्ध करण्याची अट महापालिका व वनविभागाने घालायला हवी. त्याला पैसा लागत नाही. हेतू मात्र तपासला जातो.

कायदा काय सांगतो?

शहरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानण्याची तरतूद त्यात आली. जुने झाड जुने आहे हे सांगताना घरच्या अल्बममधला तारखेचा फोटो मोलाची भर घालू शकतो.

प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या या कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ती कोणत्या उपकरणातून आली याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ फाइल जपणे महत्त्वाचे. फोटोच्या फाइलमध्ये वेळ दडलेली असते आणि लोकेशन चालू असेल तर जागाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि ही माहिती पुसली जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. राडारोड्याची किंवा वणव्याची तक्रार करताना हा छोटा फरक कामाचा ठरतो.

प्राण्यांच्या बाबतीत १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्याबाहेरही लागू आहे. संरक्षित पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना हानी पोहोचवणे हे त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडते. घरटे नीट दिसावे म्हणून आडवी फांदी मोडणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

फोटोमुळे नुकसानही होते ना?

होते, आणि ते मान्यच करायला हवे. पावसाच्या तोंडावर विणीला येणारा नवरंग पक्षी दिसल्याची बातमी फुटली की त्या झुडपाभोवती लेन्सचा गराडा पडतो. मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बाहेर काढले जाते. पक्ष्याला वाटते प्रतिस्पर्धी आला, आणि घरट्यासाठी लागणारी शक्ती तो भांडणात घालवतो. प्री-वेडिंग शूटवाले रंगीत धुराची नळकांडी आणि ड्रोन घेऊन येतात. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या फोटोंनी इतकी गर्दी ओढली की रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित करून आगाऊ नोंदणी सुरू करावी लागली.

या सगळ्यावर कॅमेराबंदी हा उपाय नाही. अनेक सार्वजनिक बागांत मोबाइलला मुभा आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याला पावती किंवा नकार, असा विचित्र नियम दिसतो. त्याने धुराची नळकांडी थांबत नाहीत. शांतपणे फुलपाखरे टिपणारा शाळेचा निवृत्त शिक्षक मात्र घरी परत जातो. नियम उपकरणावर नको, वागण्यावर आणि हेतूवर हवा. सामान घेऊन येणाऱ्या व्यावसायिक चित्रीकरणाला शुल्क आणि ठरावीक जागा, विणीच्या काळात घरट्यापासून अंतर, आवाज वाजवण्यास मनाई. बाकी सर्वांना मोकळीक.

माणसांचाही विचार हवाच. टेकडी ही सार्वजनिक जागा असली तरी तिथे एकांतासाठी आलेले जोडपे, योगासने करणाऱ्या आजी किंवा मोळी घेऊन उतरणारी बाई हे कोणाच्या रीलसाठी आलेले नसतात. चेहरा ओळखू येणार असेल तर विचारावे आणि नाही म्हटले तर फोन खिशात घालावा.

मग सामान्य माणसाने करायचे काय?

काम सोपे आहे, फक्त कंटाळवाणे आहे. रोजच्या वाटेवरच्या तीन-चार जागा निवडाव्यात : एखादा खडक, मंदिराची पायरी, खाणीचा काठ. महिन्यातून एकदा, शक्यतो ठरावीक दिवशी आणि वेळी, त्याच दगडावर उभे राहून त्याच दिशेने फोटो काढावा. झूम नको, फिल्टर नको. चौकटीत न हलणारी एक तरी खूण असावी. नावात तारीख आणि जागा लिहावी आणि मूळ प्रत वेगळी ठेवावी.

एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पाने, फुले, फळे नोंदवायची असतील तर ‘सीझनवॉच’ हा भारतीय उपक्रम आहे. पक्ष्यांसाठी ‘ई-बर्ड’ आणि इतर जिवांसाठी ‘आयनॅचरलिस्ट’ आहे. त्यावर दुर्मीळ जातींची नेमकी जागा झाकण्याची सोयही असते. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षीसप्ताह साजरा होतो. सुरुवात करायला तो आठवडा चांगला, पण खरे काम उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचे आहे.

महापालिका, महाविद्यालये आणि टेकडीवरचे गट यांनी मिळून हे फोटो एकत्र ठेवणारा सार्वजनिक संग्रह उभारला तर त्याचे मोल आणखी वाढेल. तोवर ज्याच्या त्याच्या फोनमधले एक वेगळे फोल्डरही पुरे. मोराचा फोटो सगळ्यांकडे असतोच. टेकडीची बाजू मांडण्याची वेळ येईल तेव्हा मात्र मोर नसलेला, कोणी लाइक न केलेला, त्याच उताराचा सलग पाच वर्षांचा फोटो ज्याच्याकडे असेल, त्याचे म्हणणे ऐकावे लागेल.